प्रगतिपुस्तक: श्रेणी बरी, नोंदींची बोंब

मुंबईतल्या राज्य मंडळाच्या प्राथमिक शाळांमध्ये पालकांना मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकाचं हे परीक्षण. जाड कागद, मधे घडी. हजेरी, उंची, वजन, विषयवार श्रेणी आणि पालकांच्या सहीची जागा. पहिल्या सत्राचा निकाल दिवाळीच्या आगेमागे कळतो, वार्षिक निकाल १ मेच्या सुमारास.

बहुतेकांची नजर आधी श्रेणीवर जाते. ९१ ते १०० टक्के अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, अशी ती दहा-दहाच्या टप्प्यानं उतरते. म्हणजे ८१ आणि ९० वाली मुलं एकाच रकान्यात, पण ८० आणि ८१ वाली वेगळ्या. एका गुणावरून घरात रामायण घडतं ते इथे.

दुसरी गफलत भारांशाची, आणि ती कार्डावर कुठेही छापलेली नसते. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन (तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या) ७० टक्के आणि सत्राअखेरचं संकलित ३० टक्के. तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०. समजा मुलीला आकारिकला ९० टक्के आणि संकलितला ६० टक्के आहेत. दुसरीत तिचे होतात ८१, म्हणजे अ-२. तिसरीत अगदी तेवढेच मिळवून होतात ७८, म्हणजे ब-१. मुलगी होती तिथेच आहे, पण घरी मात्र क्लास लावायची चर्चा सुरू. दोन ओळींची तळटीप छापली तरी हे टळेल. शिवाय २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे, त्यामुळे चौथीपर्यंतच्या अ-श्रेणीवर विसंबून राहू नका.

खरा माल आहे तो वर्णनात्मक नोंदींच्या पानावर: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. आणि नेमकं तेच पान सगळ्यात फिकं. ‘वाचनाची आवड आहे’, ‘अक्षर सुधारावे’, ‘सराव आवश्यक’. तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात, त्यातून वाक्यं उतरवली जातात. शेजारच्या बाकावरच्या मुलाचं कार्ड मागून पाहा, वाक्य तेच निघेल. पटावर ४० मुलं, तीन रकाने, दोन सत्रं म्हणजे २४० वाक्यं. वरून शाळाबाह्य कामं. बाईंवर राग काढण्यात अर्थ नाही. पण ‘जोडाक्षरं आली की अडखळते’ किंवा ‘वजाबाकीत दशक सुटा करायला विसरतो’ अशी एक ओळ लिहिली, तर पालक त्याच संध्याकाळी कामाला लागू शकतो.

काही शाळांनी आता ॲप आणलंय. हजेरी आणि गृहपाठ यांसाठी उत्तम, प्रगतीसाठी कामचलाऊ. नोंदी गायब, फक्त रंगीत आलेख. लॉगिन नोंदवलेल्या एकाच मोबाइलवर, तो बऱ्याचदा बाबांचा. अभ्यास घेणारी आई स्क्रीनशॉटची वाट पाहत बसते. नंबर बदलला की कार्यालयात अर्ज.

उरली पालकसभा. शनिवारी सकाळी, रांगेत, वाट्याला जेमतेम पाच मिनिटं. ‘कसा आहे अभ्यासात?’ विचारलंत तर ‘हुशार आहे, पण मस्तीखोर’ एवढंच पदरात पडेल. त्याऐवजी गणिताची वही आणि चाचणीची उत्तरपत्रिका मागा, एकच चुकलेलं उदाहरण काढा आणि तिथे बाईंना विचारा, हे नेमकं कुठे अडतंय. उत्तर मिळालं की ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात त्यांच्याकडूनच लिहून घ्या, सही त्यानंतर करा.