तपकीर गल्लीत दुरुस्त झालेला १९८९ चा कार ॲम्प्लिफायर

जुना कार ॲम्प, म्हणजे गाडीतल्या स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, दुरुस्त होतो का, आणि झाला तर टिकतो का, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. होतो आणि टिकतोही. फक्त कारागीर असा हवा, की जळालेला भाग बदलण्याआधी तो का जळाला हे शोधेल. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मला असे एक काका भेटले. एकटेच काम करतात, हातातली कामंच संपत नाहीत, त्यामुळे नाव लिहू नका असं त्यांनी सांगितलंय. म्हणून इथे फक्त त्यांच्या कामाबद्दल लिहिते. ते वाचून तुमच्या शहरातला असा माणूस तुम्हाला ओळखता आला तर मला आनंद होईल.

ॲम्प जपानी बनावटीचा, दोन चॅनेलचा. जुन्या बाजारात एका रविवारी १,५०० रुपयांना घेतला. बंद आहे हे विक्रेत्यानं आधीच सांगितलं होतं. आतल्या आयसीवर ८९३१ असा कोड आहे, म्हणजे आयसी १९८९ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातली. बाहेरून सगळं अंग ॲल्युमिनियमचं, उष्णता बाहेर टाकणारं उभ्या पात्यांचं हीटसिंक, उचलताना दोन्ही हात लागतात. लेबलवर दर चॅनेलला ६० वॅट आणि फ्यूज २५ अँपिअर एवढंच लिहिलेलं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावरच मी तो घेतला. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. २५ अँपिअर गुणिले १४ म्हणजे ३५० वॅट आत जाऊ शकतात. या जातीचा ॲम्प त्यातले निम्म्याच्या आसपास स्पीकरला देतो, उरलेली उष्णता होते. म्हणजे एकूण १२० वॅटचा दावा सहज खरा ठरतो. आता बाजारात १,००० वॅट छापलेल्या आणि २० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या डब्याला हाच हिशोब लावून पाहा. आतच २८० वॅट जात असतील तर बाहेर हजार येणार कुठून?

मुळात वेगळा ॲम्प लागतोच कशाला, हेही सांगते. साध्या डेकमधल्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेयरमधल्या, ॲम्पला गाडीचे १४ व्होल्टच मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरवर त्यातून गणितानं फार तर २४ वॅट निघतात, आणि प्रत्यक्षात १८-२० च्या पुढे आवाज फाटायला लागतो, मग डेकवर ५० वॅट छापलेले असोत की आणखी काही. वेगळ्या ॲम्पमध्ये आधी एक पॉवर सप्लाय असतो. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका गोल ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि अधिक-उणे २८ व्होल्टसारखा मोठा दाब तयार करतो. खरी ताकद तिथून येते. आणि बहुतेक जुने ॲम्प मरतात तेही तिथेच.

आधी मी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथे झाकणही न उघडता “ताई, भंगारात द्या, चार हजारात नवीन घ्या” असा सल्ला मिळाला. तो नवीन म्हणजे वर सांगितलेलाच हजार वॅटचा डबा.

काकांनी आधी झाकण काढलं आणि वास घेतला. मग फ्यूज पाहिला. २५ च्या जागी कुणीतरी ४० अँपिअरचा बसवला होता. “ताई, रोग इथून सुरू झालाय,” एवढं म्हणून त्यांनी बॅटरीच्या तारेत इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडला. ही युक्ती मला फार आवडली, वर्गातही दाखवणार आहे. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जाऊच शकत नाही, त्यामुळे नव्यानं काही जळत नाही. बल्ब पूर्ण पेटला.

पॉवर सप्लायमध्ये प्रवाह चालू-बंद करणाऱ्या चार मॉसफेटपैकी (एका जातीच्या ट्रान्झिस्टरपैकी) एक आरपार शॉर्ट होता. बरेच जण तेवढा एक बदलून मोकळे होतात. काकांनी त्याच्या गेटचा, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाचा, रेझिस्टर मोजला, तोही आतून तुटलेला. मग चारही मॉसफेट काढून एकाच बनावटीचे, एकाच लॉटचे आयआरएफझेड ४४ लावले, कारण जोडीनं काम करणाऱ्यांत एक वेगळ्या चालीचा असला की सगळा भार एकावरच येतो. पण मॉसफेट आपणहून मेला नव्हता. त्याच्यावर भार टाकणारा पुढे होता: उजव्या चॅनेलचा आउटपुट ट्रान्झिस्टर.

या ॲम्पमध्ये मूळ तोशिबाची २एससी ३२८१ आणि २एसए १३०२ ही जोडी आहे. ती जोडी कंपनीनं केव्हाच बंद केली आणि तेव्हापासून तिच्या नकलांनी बाजार भरलाय. डाव्या चॅनेलमध्ये मूळची जोडी शाबूत होती. उजव्यात पूर्वी कुणीतरी ‘नवी’ लावलेली. काकांनी त्यातला मेलेला ट्रान्झिस्टर दगडावर घासून फोडला आणि आतली सिलिकॉनची चकती मला भिंगातून दाखवली. शेजारी त्यांच्या डब्यातला एक अस्सल, तसाच फोडलेला ट्रान्झिस्टर ठेवला. नकली चकती अस्सलच्या चौथाईही नव्हती. वरची छपाई मात्र अगदी सुबक. शिवाय तो बसवताना खालच्या मायकाला (अभ्रकाच्या पातळ पत्रीला) हीटसिंक पेस्ट लावलेलीच नव्हती, त्यामुळे उष्णता बाहेर जायला वाट नाही. नकली ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट झाला, ४० चा फ्यूज उडाला नाही आणि तो सगळा प्रवाह मॉसफेटवर आला. एवढी साखळी त्यांनी माझ्यासमोर उलगडली, आणि तिथेच माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

उजव्या बाजूला त्यांनी २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ही तोशिबाचीच पुढची जोडी लावली. मुंबईहून, लॅमिंग्टन रोडच्या त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून ती यायला वेळ लागला, आणि तोवर त्यांनी गल्लीत मिळणारी लावायला साफ नकार दिला. डाव्या बाजूचीही बदलून टाका, मी पैसे देते, असं मी म्हटलं. “चांगली चालतेय तिला हात लावायचा नाही.” हे वाक्य मला बिलापेक्षा मोलाचं वाटतं.

कंडेन्सरच्या बाबतीतही त्यांनी हीच निवड केली. बॅटरीच्या बाजूचे २२०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलायटिक ८५ अंश तापमानापर्यंत चालणारे होते. त्यांच्यावर सतत प्रवाहाचा मारा असतो आणि डिकीतला उन्हाळा वेगळा. असा कंडेन्सर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. कंडेन्सरचा आतला रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरवर ते वाळलेले निघाले, म्हणून १०५ अंशांचे आणि २५ व्होल्टचे आले. ऑडिओच्या वाटेवरचे पॉलिएस्टर कंडेन्सर तसेच ठेवले, ते असे वाळत नाहीत. आणखी एक काम त्यांनी न सांगता केलं. त्या काळच्या जपानी यंत्रांत मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून एक पिवळा गोंद लावायचे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तो तपकिरी होतो, प्रवाह वाहून न्यायला लागतो आणि आसपासच्या तारा खातो. तो गोंद त्यांनी कण न कण खरवडून काढला. तुमच्याकडे त्या काळातला कोणताही ॲम्प असेल तर झाकण उघडून आधी हा गोंद पाहा.

पॉवर सप्लाय चालवणारी आयसी टीएल ४९४ आहे. जुन्या संगणकांच्या पॉवर सप्लायमध्ये हीच असायची, आजही बनते आणि स्वस्त मिळते. जुने कार ॲम्प दुरुस्त होऊ शकतात याचं मोठं कारण हेच, की त्यांच्यात बाजारात न मिळणारं फार थोडं असतं.

नंतर मोजमापं. बायस, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा प्रवाह, त्यांनी ॲम्प गरम झाल्यावर लावला, ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ५ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे २३ मिलिअँपिअर. कमी ठेवला तर हळू आवाजात खरखर येते, जास्त ठेवला तर ॲम्प उगाच तापतो. स्पीकरच्या टोकांवर डीसी एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला २२ मिलिव्होल्ट. स्पीकर जोडण्याआधी हा आकडा विचाराच, कारण इथे काही व्होल्ट निघाले तर स्पीकरची कॉइल जळते. शेवटी ४ ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) स्कोप, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून लाट कापली जाईपर्यंत आवाज वाढवला: १७ व्होल्ट, म्हणजे ७२ वॅट. लेबलवर ६० लिहून ७२ देणारं यंत्र पाहून मला त्या काळच्या कारखान्याबद्दल मनापासून आदर वाटला.

एकूण ३,२०० रुपये झाले, त्यात सुटे भाग १,४००. काढलेले सगळे भाग पाकिटात घालून परत मिळाले. तीन महिन्यांची हमी तोंडी. बिल साध्या कागदावर होतं, आणि फोन ते क्वचितच उचलतात, तेव्हा प्रत्यक्ष जाण्याची तयारी हवी. कामात मला एकच उणीव दिसली: गेनचा पॉट (आवाजाची पातळी जुळवण्याचा फिरता भाग) त्यांनी क्लीनर मारून तसाच ठेवला आणि काही आठवड्यांत तो पुन्हा करकरू लागला. मोजून पाहण्याची एवढी शिस्त असलेल्या माणसानं तो बदलायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना सांगितलं, त्यांनी मान्य केलं, नवीन पॉट मागवलाय.

ॲम्प आता १९९७ च्या मारुती झेनच्या डिकीत आहे. बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, तोही २५ चाच. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट कसलेली. बॅटरीची तार गाडीच्या एका बाजूनं आणि आरसीए (डेकमधून ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी तार) दुसऱ्या बाजूनं नेली, त्यामुळे इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ येत नाही. मी गाडीत शास्त्रीय गायनच ऐकते. डेकच्या आवाजात तंबोरा नुसता गुणगुणत राहायचा, आता त्याची जवारी सुटी ऐकू येते, आणि बायाँवरची मींड पूर्ण खाली उतरते. पातळी वाढवली तरी गायकाचा आवाज कडक होत नाही. कात्रज घाटात काचा खाली असतानाही मला हा फरक कळतो.

काकांकडे जाणार असाल तर ॲम्पसोबत आधीच्या दुरुस्तीची माहिती असेल ती न्या, स्वतः झाकण उघडलं असेल तर तेही सांगा, आणि फ्यूज बदललेला असेल तर मूळ किती अँपिअरचा होता ते लेबलवरून लिहून न्या. काका सगळ्यात आधी तेच विचारतात.