विमानतळावरची नोकरी आणि चार पावत्या

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात, नवी मुंबई विमानतळावर ग्राहकसेवा प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाल्याचे पत्र मला मिळाले आणि सतरा दिवसांत, चार वेगवेगळ्या कारणांसाठी, मी एकूण १४,६०० रुपये भरले. ती नोकरी मुळात अस्तित्वातच नव्हती. पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलामुलींना ‘कोणी पैसे मागितले की फसवणूक समजा’ हा सल्ला सगळेच देतात. तो मलाही ठाऊक होता आणि तरीही मी फसले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी कराडची. २०२२ मध्ये बी. कॉम. झाले. वडील मार्केट यार्डात तोलाईचे काम करतात, आई अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांत मी मिळेल त्या भरतीचा अर्ज भरला. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या गटासाठी १,००० आणि राखीव गटासाठी ९०० रुपये परीक्षा शुल्क होते, हे अनेकांना आठवत असेल. अर्जासाठी पैसे भरणे, पावतीची प्रत काढून फाइलमध्ये ठेवणे आणि निकालाची वाट पाहणे याची आमच्या पिढीला इतकी सवय झाली आहे की, पहिल्या फोनवर ‘नोंदणी शुल्क ३५० रुपये’ हे शब्द ऐकून मला काहीही खटकले नाही. उलट सरकारी परीक्षेपेक्षा हे स्वस्तच वाटले.

जाहिरात एका व्हॉट्सॲप गटावर आली होती. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले होते आणि तेथे माणसे लागणार, अशी चर्चा गावोगाव चालली होती. विमानतळावरच्या कामाची ओढ किती आहे, हे जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना येथे सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी हजारो तरुण लोटले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. या ओढीवर कोणीतरी टपून बसलेले असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

फोनवरच्या बाईंनी मला एकदाही घाई केली नाही. पगार त्यांनी २२,५०० सांगितला. चाळीस हजार सांगितला असता, तर मी नक्की सावध झाले असते. तीस प्रश्नांची ऑनलाइन चाचणी झाली आणि तिच्यात मला ‘२३ गुण’ पडले. सगळेच बरोबर आल्याचे त्यांनी कळवले असते, तर माझा विश्वास बसला नसता. त्यानंतर फोनवर अकरा मिनिटांची मुलाखत झाली. तीत ‘रात्रपाळी चालेल का, इंग्रजी कितपत येते’ एवढेच विचारले गेले, पण दोन दिवसांनी निवड झाल्याचे कळले तेव्हा ती मी कष्टाने मिळवली आहे असे मला वाटत होते. पुढचे सगळे पैसे माझ्याकडून या भावनेनेच काढून घेतले. मिळालेली गोष्ट हातची जाईल, या भीतीपुढे शंका टिकत नाही.

निवडपत्र आल्यावर गणवेश आणि ओळखपत्रासाठी २,८५० रुपये मागितले. मग विमानतळाचा गेट पास आणि पोलीस पडताळणी यांचे ६,४०० रुपये, आणि शेवटी प्रशिक्षणाची अनामत ५,०००. प्रत्येक वेळी शिक्का असलेली पावती येत असे आणि प्रत्येक पावतीवर ‘पहिल्या पगारासोबत परतावा’ असे छापलेले असे. पैसे मात्र तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या यूपीआय खात्यांवर गेले. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते, तसे ते मला दिसलेही होते. विचारल्यावर ‘हे आमच्या लेखा विभागातील अधिकारी आहेत’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. कंपनीची रक्कम कंपनीच्याच नावाच्या खात्यात जायला हवी, हे बी. कॉम. झालेल्या मुलीला कोणी शिकवायला नको होते.

परीक्षा शुल्क आणि ही लूट यांतला फरक मला फार उशिरा उमगला. खरे परीक्षा शुल्क निवडीच्या आधी, छापील जाहिरातीत लिहिलेले असते आणि ते त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरले जाते. एकदा निवड झाली की नोकरी देणारा उमेदवाराकडे पैसे मागत नाही, आणि मागत असेल तर ती निवडच खोटी मानून तेथेच थांबावे. गेट पासबद्दल तर एवढे सांगते की, विमानतळाच्या सुरक्षित भागात जाण्याचे प्रवेशपत्र नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोकडून मिळते आणि त्यासाठीचा अर्ज कामावर ठेवणारी संस्था करते. उमेदवाराने फोनवरून पैसे पाठवून ते काढता येत नाही.

निवडपत्र मी आता पुन्हा पाहते तेव्हा त्यातल्या खुणा ठळक दिसतात. वर बोधचिन्ह होते आणि त्याखाली इंग्रजीत ‘एअरपोर्ट अथॉरिटी’ असे लिहिले होते. खऱ्या संस्थेच्या, म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या, इंग्रजी नावात ‘एअरपोर्ट्स’ असे अनेकवचन आहे. शिवाय नवी मुंबईचा विमानतळ एक स्वतंत्र कंपनी चालवते आणि तीत सिडकोचाही हिस्सा आहे. तेथील कंपनीच्या नोकरीचे पत्र प्राधिकरणाच्या नावाने येण्याचे कारणच नव्हते. ई-मेल फुकट मिळणाऱ्या सेवेवरून आला होता. पत्रात दिलेला कंपनीचा एकवीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य तपासता येतो. तो मी नंतर तपासला, तेव्हा तो भलत्याच राज्यातल्या, भलताच व्यवसाय करणाऱ्या कंपनीचा निघाला. तपासायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

चौथी रक्कम भरल्यावर नऊ दिवसांनी जे सांगण्यात आले, ते पैशांपेक्षा भयंकर होते. पगारासाठी मी माझ्या नावाने नवे बचत खाते उघडावे, त्याला ‘कंपनीने दिलेला’ मोबाइल क्रमांक जोडावा आणि एटीएम कार्डासह सगळा संच कुरिअरने मनुष्यबळ विभागाला पाठवावा, असे सांगितले गेले. मी बँकेत अर्ज घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या मॅडमनी अर्ज वाचून विचारले, “हा नंबर तुझा नाही का?”

“कंपनीचा आहे, मॅडम.”

“खातं तुझं, नंबर त्यांचा आणि कार्डही त्यांच्याकडे. मग यात कुणाचे पैसे आले नि कुठे गेले, हे तुला कसं कळणार? पोलीस आले तर ते कुणाच्या दारात येतील?”

मी काही बोलू शकले नाही. त्यांनी मला आत बसवले, पाणी दिले आणि पत्र दाखवायला सांगितले. अशी भाड्याने घेतल्यासारखी खाती दुसऱ्या फसवणुकींचे पैसे फिरवण्यासाठी वापरली जातात आणि चौकशी आधी खातेदारापर्यंत पोहोचते, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. त्या दिवशी त्यांनी अर्ज तसाच पुढे पाठवला असता, तर आज मी तक्रारदार नसते, कदाचित संशयित असते. ज्यांना ‘माझे थोडेच पैसे गेले, सोडून देऊ’ असे वाटते, त्यांनी या टप्प्याचा विचार जरूर करावा.

दुसऱ्या दिवशी पनवेलला राहणारी माझी आत्या पत्रावरच्या पत्त्यावर गेली. इमारत खरी होती, पण त्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. मी १९३० या मदत क्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहार क्रमांक, तारखा, फोन क्रमांक आणि संभाषणाची छायाचित्रे त्यांनी मागितली. सुदैवाने मी रागाच्या भरात काही पुसून टाकले नव्हते. पण शेवटची रक्कम जाऊन दहा दिवस झाले होते आणि तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन गेला, तर ते खात्यातच रोखले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. मी वाट पाहिली, कारण घरी सांगायची लाज वाटत होती, आणि त्या भामट्यांनी ‘इतर उमेदवारांचा गैरसमज होतो, म्हणून रुजू होईपर्यंत कोणाला सांगू नका’ असे बजावलेही होते. खरी नोकरी देणाऱ्याला ती लपवून ठेवायला लावण्याची गरज का पडावी, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

पैसे अजून परत आलेले नाहीत. वडिलांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटते. माझ्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती त्या लोकांकडे आहेत आणि त्या परत मागता येत नाहीत. आधारचे बोटांचे ठसे मी लॉक करून ठेवले आहेत. माझ्या नावावर कोणी कर्ज काढले आहे का, हे पाहण्यासाठी पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा अहवाल मी मागवते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संचार साथी पोर्टलवर माझ्या नावाने किती सिमकार्डे चालू आहेत ते तपासते. आतापर्यंत एकच दिसते, ते माझेच आहे.