देवनागरी पाटीच्या कसोटीवर सीएनसी सॉफ्टवेअर

छंद म्हणून घेतलेल्या सीएनसी राउटरसाठी (संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कोरणाऱ्या यंत्रासाठी) कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हे आपण लाकडावर काय करणार आहोत यावर ठरते. मी प्रामुख्याने सागवानी फळीवर मराठी नावांच्या पाट्या कोरतो. त्यामुळे पुढील मते त्या कामापुरती समजावीत. सांधे आणि कप्पे असलेले फर्निचर करणाऱ्याची निवड वेगळी असू शकेल.

पाटीचे सौंदर्य व्ही-बिटच्या (इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकदार पात्याच्या) कोरणीत असते. अक्षराचा फराटा जेथे रुंद असेल तेथे बिट खोल उतरते आणि निमुळत्या टोकाशी वर येते. ८ मिमी रुंदीच्या फराट्यात ९० अंशांचे बिट ४ मिमी खोल जाते, तर ६० अंशांचे जवळजवळ ७ मिमी, म्हणून फळीची जाडी आधी पाहावी लागते. हा हिशेब सॉफ्टवेअर अक्षराच्या बाह्यरेषेवरून करते, आणि देवनागरीची अडचण नेमकी तेथेच आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा सुटी असते व शेजारच्या शिरोरेखेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती अखंड दिसली तरी बिट प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी वर उचलले जाते. माझ्या पहिल्या पाटीवर शिरोरेखेऐवजी आगगाडीच्या डब्यांची माळ उमटली होती, आणि त्यात दोष माझाच होता.

यावर उपाय मोफत आहे. इंकस्केप या रेषाचित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे नीट जुळतात. मजकूर तेथे लिहून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आणि मग ‘युनियन’ केले की सगळी बाह्यरेषा एकजीव होते. मात्र ही एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल दुसरीकडे उघडल्यावर माप अवश्य तपासावे. इंकस्केपने ०.९२ या आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ एकके धरली, त्यामुळे जुना हिशेब धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३०० मिमीची पाटी ३२० मिमीची होते.

टूलपाथसाठी, म्हणजे बिटचा मार्ग आखण्यासाठी, मला व्हेक्ट्रिकचे व्हीकार्व्ह डेस्कटॉप सर्वांत सोयीचे वाटले. परवाना एकरकमी आहे, सिम्युलेशनमध्ये लाकूड कसे दिसेल ते स्पष्ट कळते आणि बाह्यरेषा सांधण्याची सोयही त्यातच आहे. ते मुळात विंडोजसाठी आहे आणि कामाचे क्षेत्र २५ इंच बाय २५ इंचांपुरते मर्यादित आहे. ३०० बाय १८० मिमीच्या, ३०१८ नावाच्या छोट्या यंत्राला ही मर्यादा जाणवतही नाही. चाचणी आवृत्तीत स्वतःच्या रचनेचा टूलपाथ जतन करता येत नाही, परंतु पैसे भरण्यापूर्वी हात बसवण्यास ती पुरेशी आहे.

फ्यूजन या त्रिमितीय रचनेच्या सॉफ्टवेअरची वैयक्तिक आवृत्ती मोफत असली तरी ती व्यावसायिक वापरासाठी नाही आणि तिच्यात बिटच्या रिकाम्या हालचालीही कापणीच्याच वेगाने होतात. अक्षरागणिक बिट उचलणाऱ्या पाटीच्या कामात हा विलंब फार जाणवतो. त्रिमितीय सुटे भाग करणाऱ्यांना मात्र ते निश्चित उपयोगी आहे. फ्रीकॅड हे तशाच प्रकारचे सॉफ्टवेअर पूर्णतः खुले (मुक्त-स्रोत) आहे, व्ही-कोरणीही करते. शिकण्यास वेळ देण्याची तयारी हवी.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा भाग) आपल्या यंत्राचाच निवडावा. व्हीकार्व्हमध्ये ग्रबलसाठी (छोट्या यंत्रांच्या नियंत्रकातील प्रणालीसाठी) इंच आणि मिलिमीटर असे दोन वेगळे पर्याय आहेत. जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांच्या, आरंभी जी२१ (मिलिमीटर) आहे, जी२० (इंच) नाही, एवढे पाहिल्याशिवाय मी स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) सुरू करत नाही.