दिवाळीत मुई ने, मेमध्ये होई आन: पाठीवर सॅक घेऊन व्हिएतनामला निघालेल्या दोघांसाठी

मावसभावाचा फोन आला. लग्नाला वर्ष व्हायचंय अजून. "ताई, आठ दिवसांची रजा मिळतेय. सायगॉन आणि मुई ने करू, की दा नांग आणि होई आन? चारही नको, नुसती धावपळ होते." मी एवढंच विचारलं, "रजा कधीची?" तर म्हणाला, "ते बघू नंतर."

इथेच घोळ होतो. या दोन जोड्यांत आधी महिना ठरवायचा, गाव आपोआप ठरतं.

आम्ही दोघं दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत, चारही ठिकाणं एका फेरीत कोंबून. दुसऱ्यांदा मेच्या मध्यावर, फक्त दा नांग आणि होई आन. दोन्ही वेळा माणशी एक सॅक, विमानाच्या केबिनमध्ये मावेल एवढीच. त्यामुळे खाली जे लिहितेय ते बॅगा ओढत रिसॉर्टला जाणाऱ्यांच्या फारसं कामाचं नाही.

पावसाचं गणित असं. सायगॉन (कागदोपत्री 1976 पासून हो ची मिन्ह सिटी, पण तिथली माणसंही सर्रास सायगॉनच म्हणतात) आणि तिथून 200 किलोमीटरवरचं मुई ने यांचा पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर उजाडला की कोरडं. मध्य किनाऱ्यावर, म्हणजे दा नांग-होई आनला, बरोबर उलटं. तिथे सप्टेंबरात सुरुवात होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोर. ईशान्येचे वारे समुद्रावरून पाणी घेऊन येतात आणि मागचे डोंगर ते अडवतात. चेन्नईचा पाऊस आठवा, तीच जात. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी होई आनच्या नेमक्या पुराच्या हंगामात पडते.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. होई आनच्या दुसऱ्या सकाळी खोलीतून खाली आलो तर घरमालकीणबाई शांतपणे फ्रिज विटांवर चढवत होत्या. स्कूटर आधीच जिन्यात उभी. बाहेर थू बोन नदी गल्लीत आलेली, पाणी पोटरीपर्यंत. आमचे चेहरे बघून बाई हसल्या आणि भिंतीवरच्या खुणा दाखवल्या, अमक्या वर्षी इथवर, तमक्या वर्षी इथवर. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत माडीच्या जमिनीला झडप असते. पाणी आलं की दोरीनं माल वर ओढून घ्यायचा. शेकडो वर्षं पुराशी घरोबा आहे त्यांचा, आमचा नव्हता. तीन दिवस आम्ही ते सुप्रसिद्ध कंदील पाहिले, पण न पेटलेले, दोरीवर भिजत लोंबणारे.

तेव्हा दिवाळी किंवा नाताळ असेल तर सायगॉन-मुई ने. मेची सुट्टी असेल तर दा नांग-होई आन, फक्त 30 एप्रिल आणि 1 मे टाळा. ती त्यांची मोठी सुट्टी आणि सगळा देश किनाऱ्यावर उतरतो. पुढचं सगळं वाचायचं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी. तेव्हा दोन्हीकडे हवा बरी असते आणि खरी निवड करावी लागते.

शहर: सायगॉन की दा नांग

शहर म्हणून सायगॉन कितीतरी वरचढ आहे, पण दमवतं. पूर्वीच्या डिस्ट्रिक्ट 1 मध्ये बुई व्हिएन नावाच्या रस्त्याच्या आसपास सॅकवाल्यांची वस्ती. त्या रस्त्यावर खोली घेऊ नका. रात्री दोनपर्यंत समोरासमोरचे बार एकमेकांवर गाणी फेकत असतात. दोन गल्ल्या आत शिरलात की तेच शहर एकदम गप्प होतं. बोळात चटई टाकून भाजी निवडणाऱ्या आज्या, देव्हाऱ्यात उदबत्ती.

दुचाक्यांचा लोंढा बघून नवरा म्हणाला, "आपलं पुणंच की." नाही. पुण्यात गाडीवाला तुमच्या अंगावर येतो आणि वर बघतो. सायगॉनमध्ये तो तुम्हाला वळसा घालतो. रस्ता ओलांडताना संथ चालत राहायचं, मध्येच थबकायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही. पहिल्या दिवशी आम्ही एका शाळकरी मुलीच्या मागे मागे गेलो. एक मात्र सांभाळा, फुटपाथच्या कडेला फोन हातात धरून नकाशा बघू नका. स्कूटरवरून हिसकावून नेतात.

युद्धाच्या संग्रहालयाचं तिकीट 40,000 डोंग होतं. एजंट ऑरेंजच्या, म्हणजे अमेरिकेनं युद्धात फवारलेल्या विषारी रसायनाच्या, दालनातून बाहेर आल्यावर आम्ही अंगणातल्या रणगाड्याजवळ बराच वेळ काही न बोलता बसलो. त्याच दिवशी दुसरं काही ठेवू नका. कू चीची युद्धातली भुयारं, 30 एप्रिल 1975 ला ज्याचं फाटक रणगाड्यांनी तोडलं तो राजवाडा, हे दुसऱ्या दिवशी. आणि बेन थान बाजाराजवळचं मारिअम्मन मंदिर बघाच. तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, पण आत बहुतेक भाविक व्हिएतनामी. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकून एक बाई देवीला काहीतरी सांगत होती. भाषा कळली नाही, गाऱ्हाणं कळलं.

दा नांग हे त्यामानानं पोरगेलं शहर. रुंद रस्ते, नदीवर पूल, पलीकडे समुद्र, विमानतळ गावातच. 666 मीटर लांबीचा ड्रॅगन पूल वीकेंडला रात्री 9 वाजता तोंडातून आग आणि मग पाणी सोडतो. एकदा बघायला मजा येते, लहान मुलांना दोनदा. मला त्या शहरात खरं आवडलं ते चाम शिल्पांचं संग्रहालय. चाम म्हणजे या किनाऱ्यावर पूर्वी राज्य करणारे, शिवाला मानणारे लोक. दारातून आत जाताच ओळखीची मंडळी भेटत जातात, शिव, गणपती, मकर, नाचणाऱ्या अप्सरा, फक्त नाकडोळे तिकडचे.

तिथून पुढे ‘मी सन’ या चाम लोकांच्या देवस्थानाला जाणं ओघानं आलंच. होई आनपासून साधारण 40 किलोमीटर. डोंगरांच्या वाटीत विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेलेली. देव भद्रेश्वर, शिलालेख संस्कृतात. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत यांतलं सर्वांत मोठं शिखर गेलं. खड्डे अजून दिसतात, त्यांत गवत उगवलंय. काही मंदिरांची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं केली आणि त्या कामात 2020 मध्ये नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग मिळालं. ते आम्ही पाहिलं तेव्हा समोर उभ्या कोरियन काकूंनी माझ्या नवऱ्याला खुणेनं विचारलं, हे काय? तो रत्नागिरीचा, शब्दाला कमी नाही, पण इंग्रजीत तीन वेळा सुरुवात करून शेवटी त्यानं नुसते हात जोडले. काकूंनीही जोडले.

मुई नेच्या वाटेवरही टेकडीवर आठव्या शतकातले चाम मनोरे आहेत, पो साह इनु. अर्ध्या तासात होतात. मी सन बघणार असाल तर सोडले तरी चालतील.

किनारा: मुई ने की होई आन

मुई नेला स्लीपर बसनं गेलो. चढताना बूट काढून पिशवीत घालायचे आणि आपल्या बर्थवर पाय पसरायचे. सहा फुटांच्या माणसाचे पाय मावत नाहीत, ऐकून ठेवा. 2023 मध्ये मुई नेच्या शेजारच्या फान थिएत शहरापर्यंतचा नवा महामार्ग झाल्यापासून प्रवास सोपा झालाय.

मुई नेचा किनारा पोहण्यासाठी नाही. तो वाऱ्याचा किनारा आहे. नोव्हेंबर ते मार्च इतका वारा असतो की पतंगाला लटकून लाटांवर धावणारे जगभरातून येतात आणि आपण नुसते बघत नारळपाणी पितो. मुख्य पट्टीवर पुष्कळ ठिकाणी वाळू वाहून गेलीय, काँक्रीटच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. मग जायचं कशाला? वाळूच्या टेकड्यांसाठी, आणि सकाळी सहाला कोळीवाड्यात उतरणाऱ्या मासळीसाठी. बांबूच्या गोल टोपल्यांतून माणसं मासे किनाऱ्यावर आणतात, टोपली भोवऱ्यासारखी फिरते आणि आतला माणूस ढिम्म. फान थिएत हे न्वोक माम या मासळीच्या सॉसचं गाव. कोळणी, मीठ आणि मासळीचा कुजका-खमंग वास नाकात गेला आणि नवरा म्हणाला, "घरी आल्यासारखं वाटतंय." मला नाही वाटलं.

होई आनच्या बाजूचा आन बांग किनारा मात्र मेमध्ये पोहण्याजोगा. जुन्या गावातून भाड्याच्या सायकलवर भातखाचरांतून जायचं, अर्धा तासही लागत नाही. दा नांगचा ‘मी खे’ किनारा त्याहून मोठा आणि स्वच्छ, पण ऊन चढलं की तिथे चिटपाखरू नसतं. पहाटे पाचला जा. अख्खं शहर पाण्यात असतं, आजोबा कवायत करत असतात आणि साडेसातला सगळे कामावर पळतात.

होई आन गाव संध्याकाळी सहा ते नऊ असह्य होतं, चालायला जागा नसते. सकाळी सातला त्याच गल्ल्या तुमच्या एकट्याच्या. परदेशी माणसाला 1,20,000 डोंगचं तिकीट पडतं, त्यात पाच वास्तू निवडून बघता येतात.

पोट आणि पैसा

मी शाकाहारी, नवरा काहीही खाणारा. शाकाहाराला तिकडे "चाय" म्हणतात. "तोय आन चाय" एवढं घोकून जा, आणि वर "न्वोक माम नको" हेही सांगा, नाहीतर पालेभाजीतसुद्धा मासळीचा सॉस येतो. पाटीवर "चाय" असलेल्या खानावळी सायगॉनमध्ये पावलोपावली, होई आनमध्ये पुरेशा. मुई नेत मी तीन दिवस फळं आणि बाग्येत पाव खाऊन काढले. शाकाहारी जोडप्यानं एवढ्यावरूनच निर्णय घेतला तरी माझी हरकत नाही. होई आनला बान्ह सेओ मिळालं, तांदळाच्या पिठाचं, हळद घातलेलं, कुरकुरीत. म्हणजे आपलं घावनच, आत मूग आणि अळंबी भरलेलं.

ई-व्हिसा 25 डॉलर. 1 लाख डोंग म्हणजे सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये. दोघांच्या साध्या, स्वच्छ खोलीला आम्ही रात्री 4 ते 5 लाख डोंग दिले, दोन्हीकडे जवळपास सारखेच. होई आनमध्ये पैसे जातात ते मापाचे कपडे शिवून देणाऱ्या शिंप्यांकडे. नोटांचं मात्र बघा. 20,000 ची नोट निळी आणि 5 लाखांचीही निळीच. मुई नेत शहाळेवालीला मी 20,000 समजून 5 लाख दिले. ती ओरडत मागे आली, नोट माझ्या हातात कोंबली, स्वतःच्या गल्ल्यातली 20,000 ची काढून मागची बाजू दाखवली. त्यावर छपराचा पूल होता. "होई आन, होई आन," ती म्हणाली. जपानी व्यापाऱ्यांचा तो पूल चार दिवसांनी पाहिला, पुराच्या पाण्यात.

आणि तरीही दोन्ही करायचं असेल तर

बारा दिवस हवेत, आणि फेब्रुवारी-मार्च. विमानानं सव्वा तास लागतो. आम्ही रेल्वेनं गेलो, सायगॉन ते दा नांग 935 किलोमीटर, सोळा-सतरा तास. चार बर्थच्या डब्यात खालचे दोन घ्या, वरच्याला बसता येत नाही. खिडकीतून दिसणारा प्रसिद्ध डोंगर-समुद्राचा भाग दा नांगच्या पुढे ह्वे शहराच्या वाटेवर आहे, त्याच्या आशेनं जागू नका.

पण संध्याकाळची गाडी असेल तर दहा-साडेदहापर्यंत जागे राहा. फान थिएतच्या आसपास अंधारात अचानक शेतंच्या शेतं उजळलेली दिसली, रांगेत हजारो पिवळे दिवे, माणूस एकही नाही. नवऱ्याला वाटलं कुठल्या तरी गावची जत्रा. समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी पिशवीतून एक गुलाबी फळ काढून दाखवलं. ड्रॅगन फ्रूट. झाडांनी अवेळी फुलावं म्हणून रात्रभर दिवे लावून त्यांना जागं ठेवतात. आजोबांनी फळ चिरलं, आम्हाला दोन फोडी दिल्या आणि दिवा मालवून झोपून गेले.