केळीच्या गाडीतून ६२ कुंड्या: भुसावळ ते धुळे

भुसावळहून धुळ्याला आमचं घर हलवलं त्याला आता दीड महिना झाला. गाडीवाल्याबद्दल तेव्हाच लिहिणार होते, पण मुद्दाम थांबले. भांडी-कपाटं नीट पोचली की नाही ते त्याच दिवशी कळतं. झाडं पोचली की नाही हे कळायला महिना जावा लागतो.

ह्यांची रेल्वेतली नोकरी मार्चअखेर संपली. निवृत्तीनंतर चार महिने क्वार्टर ठेवता येतं, त्यामुळे जुलैपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. झाडांच्या दृष्टीने तर पहिल्या दोन पावसांनंतर हलणंच चांगलं. पण यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धुळ्यातल्या देवपुरातल्या नव्या घरात करायची, तिथेच खापरावर, म्हणजे चुलीवर उलट्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, मांडे (पुरणाच्या मोठ्या पातळ पोळ्या) टाकायचे, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. त्या ८१ वर्षांच्या आहेत, आणि त्यांनी काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. म्हणून आखाजीच्या सहा दिवस आधीची तारीख धरली. एप्रिलअखेर, खान्देशातलं ऊन, दुपारी ४३-४४ अंश.

सामान चौघांच्या घरात असतं तेवढंच, पण तीन गोष्टी मला जिवापाड जपायच्या होत्या. क्वार्टरच्या मागच्या अंगणात १९ वर्षांत जमलेल्या ६२ कुंड्या, माझा कॅमेरा आणि त्याच्याबरोबरचा फोटोंचा सगळा संसार, आणि सासूबाईंचं खापर. मांड्याचं खापर बाजारात नवं मिळतं, पण वर्षानुवर्षं चुलीवर तापून तयार झालेलं खापर मिळत नाही, आणि ते तडकायला एक धक्का पुरतो.

आधी एका मोठ्या कंपनीला विचारलं. त्यांचा माणूस आला, प्रत्येक खोलीत फिरला, टॅबवर यादी केली आणि २८,००० रुपये सांगितले. विमा, पक्की पावती, पॅकिंग सगळं त्यात होतं. मागच्या दारी आला आणि कुंड्या पाहून म्हणाला, झाडं आम्ही घेत नाही, नियमात बसत नाही. त्यात त्याची चूक नव्हती. झाड मेलं तर भरपाई कशी मोजणार? पण झाडांसाठी वेगळी गाडी करायची म्हणजे दोनदा हमाली, दोनदा भाडं.

तेव्हा यावलकडच्या आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यांनी त्यांची केळी वाहणाऱ्या गाडीवाल्याचं नाव सुचवलं. ते राहणारे धुळे तालुक्यातले. त्यांचा स्वतःचा १४ फुटी आयशर ट्रक आहे, भावाचा छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) आहे, आणि वर्षातले आठ-नऊ महिने ते रावेर-यावल पट्ट्यातून केळी भरतात. घरसामान हे त्यांचं मधल्या काळातलं काम. पाटी नाही, कार्ड नाही. त्यांच्या परवानगीशिवाय नाव-नंबर इथे देत नाही, पण या पट्ट्यात केळी भरणाऱ्या कुणालाही विचारलंत तर अशी दोन-चार माणसं सहज सापडतील.

ते सामान बघायला आले आणि सरळ मागच्या अंगणात गेले. मला तिथेच बरं वाटलं. त्यांनी मोगऱ्याच्या मोठ्या कुंडीत बोट खुपसून पाहिलं आणि विचारलं, "ताई, पाणी कधी घातलं?" सकाळीच घातलं होतं. म्हणाले, हलवायच्या दिवशी घालू नका, आदल्या दिवशी सकाळी घाला, माती वाफशावर येऊ द्या. शेतकऱ्याच्या घरातला शब्द. माझ्या बऱ्याच कुंड्यांत काळी माती आहे. ती ओली असली की दगडासारखी जड होते आणि हिसका बसला की मुळांसकट गोळा सुटतो. पार सुकली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. मधली, हाताला ओल लागेल पण चिकटणार नाही अशी अवस्था म्हणजे वाफसा. पेरणीला हा शब्द शंभर वेळा ऐकलाय, कुंडीला लावायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

मी विचारलं, उन्हात कसं नेणार? ते म्हणाले, "झाड बी जीवच शे ना ताई, त्याले बी ऊन लागस." रात्रीच न्यायचं, संध्याकाळी सात वाजता भरायला सुरुवात. केळीचंही तसंच असतं, असं त्यांनी समजावलं. हिरवा माल भर दुपारी भरून उन्हात उभा ठेवला तर आतल्या आत तापतो आणि पोचेपर्यंत पिकायला लागतो. आणि दाबून भरायचं नाही, मधून हवा खेळली पाहिजे. भाव ठरला तो असा: दोन्ही गाड्या मिळून १३,५०० आणि चार हमालांचे वेगळे ३,२००.

पॅकिंग मात्र आपलं आपण करायचं. खोकी त्यांनी आणून दिली, निर्यातीच्या केळीची, १३ किलोवाली. ज्यांनी ही खोकी वापरली नसतील त्यांना सांगते, घर हलवायला याहून चांगलं खोकं नाही. पुठ्ठा जाड, बाजूला हवेची भोकं, दोन्हीकडे हात घालायला खाचा, आणि आकार असा की कितीही भरलं तरी एका माणसाला उचलतं. पुस्तकांना तर फारच उपयोगी, कारण मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की हमाल शिव्या देतो आणि तळ फाटतो. आठ इंचापर्यंतच्या छोट्या कुंड्या मी याच खोक्यांत चार-चार बसवल्या, मधे जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून. मोठ्या कुंड्यांसाठी त्यांनी प्लास्टिकचे क्रेट आणले. छोट्या हत्तीत खाली केळीचा वाळलेला पाला अंथरला, त्यावर क्रेट, क्रेटच्या फटींत पुन्हा पाला. वरून हिरवं शेडनेट ताणून बांधलं. नेट माझं होतं, बांधण्याची पद्धत त्यांची. वाऱ्याने पानं फाटतात आणि सुकतात, ते उन्हापेक्षा वाईट, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला पटलं नव्हतं. आता पटलंय, ते पुढे येईलच.

खापर सासूबाईंनी स्वतः दोन गोधड्यांत गुंडाळलं. ते गाडीत ठेवायला मी तयार नव्हते, पण आमच्या मोटारीत जागा उरली नव्हती. गाडीवाल्या भाऊंनी ते आयशरच्या केबिनमध्ये सीटमागच्या जागेत, पाल्याच्या गादीवर ठेवलं आणि धुळ्यापर्यंत तिथे दुसरं काही ठेवू दिलं नाही.

कॅमेऱ्याचं सामान मी कुणाच्याच हाती दिलं नाही, आणि तुम्हीही देऊ नका. गाडीवाला कितीही चांगला असो. बॉडीवरून लेन्स काढून दोन्हीकडे टोपणं लावली, कारण लेन्स लावून ठेवली की प्रत्येक धक्क्याचा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यावर, येतो. बॅटऱ्या बाहेर काढल्या. लिथियमच्या बॅटऱ्या तापलेल्या बंद गाडीत ठेवायच्या नसतात. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, फोममध्ये, वर सिलिका जेलची पुडी. या दिवसांत आपल्याकडे हवा कोरडीच असते, लेन्सला बुरशी लागायची भीती पावसाळ्यात. आत्ता शत्रू म्हणजे धूळ आणि उष्णता. डबा माझ्या मांडीवर आला. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या चक्रवाकांचे आणि बदकांचे बारा वर्षांचे फोटो दोन हार्डडिस्कवर आहेत. एक माझ्याबरोबर, दुसरी आठवडाभर आधीच जळगावला नणंदेकडे ठेवली. दोन्ही एकाच गाडीत नेल्या असत्या तर दोन प्रती असून उपयोग काय?

फोटोचा छंद घर हलवताना इतका कामाला येईल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक खोकं बंद करण्याआधी वरून एक फोटो, मग झाकणावर मोठा नंबर, मग नंबरचा फोटो. एकूण ४७ खोकी. टीव्हीच्या मागच्या वायरी, वॉशिंग मशिनचे पाइप, शुद्धीकरण यंत्राच्या जोडण्या, सोडवण्याआधी सगळ्याचे फोटो. वीजमीटरच्या आकड्याचाही. नव्या घरी पहिल्या सकाळी चहाला आलं ठेचायला खलबत्ता हवा होता. मोबाईलमध्ये पाहिलं, ३१ नंबर, आणि दोन मिनिटांत हातात.

अंगणातला पारिजातक जमिनीत होता, त्याला काय नेणार. त्याच्या चार फांद्या आणि मूठभर चपट्या बिया घेतल्या. हमाल सामान भरत असताना मी त्याचे फोटो काढत बसले होते. भाऊंनी घाई केली नाही. हमालांना म्हणाले, पाणी पिऊन घ्या रे.

निघायला मात्र साडेनऊ झाले. सातला यायची गाडी साडेआठला आली, आणि उशीर होतोय असा साधा फोनही आला नाही. अंधारात सामान भरावं लागलं आणि पुढची चूक त्यातूनच झाली. माझी काच लावलेली तसबीर, पहिल्या बहराच्या पारिजातकाची, मी वेगळी ठेवून त्यावर "उभी ठेवा" असं लिहिलं होतं. एका हमालाने ती आडवी ठेवली आणि वर पुस्तकांचं खोकं. काच उभी असली की भार सहन करते, आडवी असली की मधोमध जाते. काचेवर मी आधीच फुलीसारख्या कागदी टेपच्या पट्ट्या मारल्या होत्या म्हणून तुकडे सुटले नाहीत आणि प्रिंटवर ओरखडा आला नाही. लोखंडी कपाटाला एक लांब खरवड पडली. मातीची एक कुंडी फुटली, अडेनियमची, पण अडेनियमचं काही बिघडत नाही, ते चार दिवस उघड्या मुळांवरही पडून राहतं.

प्रवास शांत झाला. जळगाव सोडल्यावर चौपदरी रस्त्याला वारा फार होता. एरंडोलच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. सगळ्यांनी शेवभाजी-भाकरी खाल्ली, आणि जेवायच्या आधी भाऊंनी टॉर्च घेऊन छोट्या हत्तीचं नेट तपासलं. मागचा उजवा कोपरा सुटला होता, तो त्यांनी पुन्हा बांधला. पण तोवर तासभर त्या कोपऱ्यातल्या कुंड्यांना वारा लागला होता.

रात्री दीड वाजता देवपुरात पोचलो. आधी झाडं उतरवली, सगळी उत्तरेच्या भिंतीला सावलीत, मगच बाकीचं. हमालांनी त्यावर कुरकूर केली नाही. फुटलेल्या काचेचं मी सांगितलं तेव्हा भाऊंनी वाद घातला नाही. हिशेबातून स्वतःहून ५०० रुपये कमी केले आणि त्या हमालाला माझ्यासमोर न ओरडता बाजूला नेऊन समजावलं. हे मला फार आवडलं. आवडलं नाही ते हे की पक्की पावती मिळाली नाही, साध्या वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले. अर्धे पैसे आधी रोख द्यावे लागले, आणि विमा हा विषयच नाही. टीव्ही फुटला असता तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

आता झाडं. दहा दिवस मी एकही कुंडी उन्हात हलवली नाही, खत घातलं नाही, फक्त संध्याकाळी पाणी. नव्या जागेत मुळं सावरायच्या आत खत दिलं तर झाड पेटतं. कडीपत्त्याने चौथ्या दिवशी सगळी पानं टाकली. मी नखाने साल थोडी खरवडून पाहिली, आत हिरवी होती, म्हणून धीर धरला. बाराव्या दिवशी टोकाला तांबूस कोंब दिसला. गुलाबांपैकी एक गेला. तीन नेच्याच्या कुंड्या गेल्या, आणि त्या तिन्ही त्याच सुटलेल्या कोपऱ्यातल्या. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी, मग मधलंही वाळलं. म्हणजे ६२ पैकी ५८ वाचली. आखाजीला सासूबाईंनी मांडे केले, त्याच खापरावर, आणि दारात मोगऱ्याची सात फुलं होती. त्या दिवशीचा फोटो मी काढलाय: खापरावर पसरलेला मांडा, त्यांचे दोन्ही हात, आणि मागे खिडकीत मोगरा.

पारिजातकाच्या चार फांद्यांपैकी दोन लागल्यात. बिया अजून उगवलेल्या नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक तारा पावतीचा आणि उशिराचा मिळून कमी केलाय. ज्यांच्या घरी महागडं इलेक्ट्रॉनिक सामान जास्त आहे आणि झाडं नाहीत, त्यांनी विमा देणाऱ्या कंपनीकडे जावं. झाडं, जुनी माणसं आणि मातीची भांडी असतील तर केळीची गाडी. भाव ठरवताना दिशा लक्षात घ्या: या गाड्या रावेर-यावलकडून भरून येतात आणि तिकडे जाताना बऱ्याचदा रिकाम्या जातात. आम्ही भरल्या दिशेने आलो म्हणून पूर्ण भाडं दिलं. माझ्या मावसबहिणीला पुढच्या महिन्यात धुळ्याहून फैजपूरला जायचंय, तिला त्याच भाऊंनी दोन्ही गाड्यांचे साडेनऊ हजार सांगितलेत. तिच्या २० कुंड्या आहेत. शेडनेटचे चारही कोपरे दुहेरी दोरीने बांधायचे, हे मी तिला आणि त्यांना, दोघांनाही सांगून ठेवलंय.