'सिटिझन एक्स' की 'मेमरीज ऑफ मर्डर': एकच रात्र मोकळी असंल तर

भाच्याचा मेसेज आला, मामा, दोन्ही पिक्चर पेनड्राइव्हमध्ये आहेत, सोमवारपासून धान कापणी लागून राहिली, एकच रात्र मोकळी आहे, कोणता लावू? त्याला फोनवर सांगितलं तेच इथं जरा नीट लिहून राहिलो, कारण हाच प्रश्न आणखी दोघातिघांनी विचारला. 'झोडियाक' हा याच जातीचा अमेरिकन पिक्चर मुद्दाम बाजूला ठेवला. तो चांगलाच आहे, पण अडीच तासांच्या वर जातो अन् तिथली गोची वेगळी, एका काउंटीचे कागद दुसऱ्या काउंटीच्या पोलिसांना भेटत नाहीत.

दोन्हीची गोष्ट ढोबळमानाने माहीत असंलच. 'सिटिझन एक्स' सोव्हिएत रशियातल्या रोस्तोवची, १९९५ ची टीव्हीसाठी काढलेली फिल्म, 'मेमरीज ऑफ मर्डर' कोरियातल्या ह्वासाँगची, बाँग जून-हो या दिग्दर्शकाची, २००३ ची. दोन्ही खऱ्या केसवर. दोन्हीत खुनी मोकळा फिरून राहिला अन् तपास करणाऱ्याच्या हाती माणसं नाहीत, साधनं नाहीत, वरून आधार नाही.

आता खरं सांगतो, पहिल्या अर्ध्या तासात मी पुरा 'मेमरीज'कडे होतो. कारण आपल्याकडचा माणूस ते पाहताना परका राहूच शकत नाही. पिकून पिवळं झालेलं धान, कडेनं पाण्याची नाली, नाकतोडा धरणारं एक पोरगं, अन् नालीवरच्या फरशीखाली बाईचं प्रेत. आमच्या लाखांदूरकडे दिवाळीच्या आगंमागं बांध्या अशाच दिसतात. पुढे एका ठिकाणी बुटाचा ठसा सापडतो, पोलीस त्याच्याभोवती गोल आखतो, लोकांना मागं सरा म्हणून ओरडतो, अन् तेवढ्यात एक शेतकरी आपला ट्रॅक्टर त्यावरूनच घेऊन जातो. त्या ट्रॅक्टरवाल्याचा राग येत नाही, त्याला वावरात जाणं आहे, त्याला कोण सांगितलं तिथं काय आहे म्हणून. गावात काही झालं की गर्दी कशी होते, पोट्टे कसे मधात पळतात, हे ज्यानं पाहिलं त्याला तो सीन समजावून सांगावा लागत नाही.

अन् वरची अडवणूक पण तिथं एकदम नेमकी आहे. आज रात्री खून होणार असं यांना वाटते, बंदोबस्ताला माणसं मागतात, तर उत्तर येते की सगळी तुकडी मोर्चा दडपायला गेली. बस, एवढंच.

'सिटिझन एक्स'मध्ये मात्र ती अडवणूक म्हणजेच पिक्चर आहे. बुराकोव नावाचा फॉरेन्सिकचा माणूस, लांब टेबल, टेबलामागं कमिटी. हा माणसं मागतो, नाही. कॉम्प्युटर मागतो, नाही. अमेरिकेच्या एफबीआयशी बोलू द्या म्हणतो, तर ते तर बिलकुल नाही. सिरियल किलर ही पाश्चात्यांची सडकी गोष्ट, आपल्या राज्यात असं होतच नाही, विषय संपला. खरा माणूस एकदा हाती लागतो, पण रक्तगट जुळत नाही अन् वरून पार्टीचा सदस्य, सोडून द्यावं लागते. प्रत्यक्षातही हा खुनी, चिकातिलो, १९८४ मध्ये पकडला गेला होता अन् सुटला, शेवटी पकडला १९९० च्या नोव्हेंबरात. मधली सहा वर्षं म्हणजे किती घरं, याचा विचार केला की पोटात गोळा येतो. कोर्टात ५२ खून सिद्ध झाले.

मी धानाच्या बोनससाठी एका ऑफिसात तीन महिने चकरा मारल्या आहेत. साहेब मीटिंगले गेले, फाइल वर गेली, सातबारा नवीन आणा. माझं काम पैशाचं होतं, कोणाच्या जिवाचं नव्हतं, पण त्या टेबलापुढं उभं राहिलं की आवाज कसा बारीक होतो ते मला माहीत आहे, अन् स्टीफन रे या नटानं तो बारीक झालेला आवाज बरोबर पकडला. त्याचा वरिष्ठ फेतिसोव, म्हणजे डोनाल्ड सदरलँड, आधी नुसता टोमणे मारणारा वाटतो अन् मग हळूहळू कळते की कमिटीचा मार हाच माणूस अंगावर घेऊन राहिला. त्या कामासाठी त्याला टीव्हीचा एमी पुरस्कार भेटला, माझ्या मते हक्काचा.

पण हे सगळं असूनही पारडं कदाचित सारखंच राहिलं असतं. ज्या गोष्टीनं ठरवलं ती वेगळीच आहे.

उन्हाळ्यात आम्ही आंगणात पांढरी चादर बांधून, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर 'मेमरीज' लावला. अभ्यासिकेतली सातआठ पोट्टी होती, सगळी पोलीस भरतीच्या तयारीतली, अन् मागं खुर्ची टाकून आमचे मोठेबाबा. त्यांना सबटायटल वाचता येत नाहीत म्हणून मी मराठीत सांगत होतो. त्या पिक्चरमध्ये संशयिताला मारणारा एक पोलीस आहे, तो लाथ मारायच्या आधी बुटावर कापडी खोळ चढवतो, वळ दिसू नये म्हणून. एका गतिमंद पोराला धरून आणतात, झोडतात, मग त्याच्याच संगं बसून नूडल्स खातात अन् टीव्हीवरची पोलिसांची मालिका पाहतात. हे सगळं अशा ढंगानं घेतलं की हसू येते. पोट्टी हसली. जोरात हसली. एकानं तर विचारलं, भाऊ, हे कॉमेडी आहे का?

मागं पाहतो तर मोठेबाबाची खुर्ची रिकामी. ते बैलाच्या गोठ्याकडे जाऊन उभे होते. लय वर्षांपूर्वी मोटारपंप चोरीच्या संशयावरून त्यांना एका ठाण्यात रातभर बसवून ठेवलं होतं, पंप नंतर मालकाच्या साळ्याकडेच निघाला. त्या रात्री काय झालं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाले, "मले नाही पाहावत बा. पोट्टे काहून हासून राहिले?"

दिग्दर्शकाचा हेतू वाईट नाही, हे मी मानतो. हसवून हसवून तो शेवटी असा आणून सोडतो की हसणाऱ्याला आपलीच लाज वाटावी, अन् त्या पोलिसाचं पुढं काय होते तेही साधं नाही. पण ती लाज येईपर्यंत दीड तास जातो, अन् तोवर आमच्या आंगणातला एक माणूस उठून गेला होता. नंतर वाचलं ते आणखी लागलं. ह्वासाँगच्या खुनांपैकी आठव्या खुनासाठी एका निर्दोष माणसानं जवळपास २० वर्षं जेल काढली, मारून घेतलेल्या कबुलीवर. पिक्चर आला तेव्हा तो आतच होता. खरा खुनी २०१९ मध्ये डीएनएवरून कळला, अन् त्या माणसाला कोर्टानं निर्दोष ठरवलं २०२० च्या डिसेंबरात. रोस्तोवची केस काही धुतल्या तांदळाची नाही, तिथं तर १९७८ च्या खुनासाठी भलत्याच माणसाला देहदंड देऊन मोकळे झाले होते. फरक एवढाच की 'सिटिझन एक्स' पाहताना मला अशा गोष्टीवर कुठं हसावं लागलं नाही.

त्याच्यातही खोट आहे. सगळे रशियन लोक रशियन ढंगाचं इंग्रजी बोलतात, पहिली दहा मिनिटं ते कानाला टोचते. दिसायला टीव्हीचाच वाटतो, 'मेमरीज'मधला पाऊस अन् अंधार याच्यापाशी नाही. कॅमेऱ्यासाठी, नटांसाठी पाहायचा असंल तर कोरियनच लावा, मी अडवणार नाही, अन् शेवटचा तो चेहरा महिनाभर डोळ्यापुढून जात नाही हेही खरं.

पण भाच्याला मी 'सिटिझन एक्स' लाव म्हटलं. घरची मोठी माणसं संगं बसणार असतील तर नक्कीच तो. 'मेमरीज' कापणी झाल्यावर, एकट्यानं.

उन्हाळ्यातल्या त्या रात्रीच्या दुसऱ्याच दिवशी मी मोठेबाबांना मनवून आणून 'सिटिझन एक्स' दाखवला. शेवटाकडे बुखानोव्स्की नावाचा डॉक्टर खुन्यासमोर बसतो अन् त्याच्याबद्दल आपण आधी लिहिलेले कागद हळू आवाजात वाचत जातो, वाचत जातो, अन् समोरचा माणूस ढसाढसा रडायला लागतो. मी सांगायचं थांबलो होतो, तरी मोठेबाबा खुर्ची पुढं ओढून पाहत होते. संपल्यावर म्हणाले, "तो डाक्टर खराच होता का?" मी म्हटलं, हो, २०१३ मध्ये वारले. "भला माणूस होता," म्हणाले, अन् खुर्ची उचलून आत गेले.