प्राइम९५ : मोफत प्रणाली, महाग वीज

जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या स्वयंसेवकांच्या उपक्रमाची प्राइम९५ ही मोफत प्रणाली संगणकाच्या रिकाम्या वेळात मर्सेन मूळ संख्या शोधते, म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्या. याच उपक्रमातून ऑक्टोबर २०२४ मध्ये २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या जाहीर झाली. मात्र उपक्रमातील सहभागी ल्यूक ड्युरांट यांना ती ग्राफिक्स कार्डांवरच्या गणनेतून मिळाली, हे साध्या प्रोसेसरवर आशा लावून बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रणालीचे खरे कौतुक तिच्या गणितात आहे. घातांक मूळ असला तरी उत्तर मूळ असेलच असे नाही. ११ घातांक घेतला तर २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. हे दोन्ही विभाजक ११ च्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येतात, आणि त्यांना ८ ने भागल्यास बाकी ७ किंवा १ उरते. विषम मूळ घातांक असलेल्या मर्सेन संख्येच्या प्रत्येक विभाजकाला, ११ च्या जागी तो घातांक घेऊन, हीच अट लागू असल्याने मोजकेच विभाजक तपासावे लागतात आणि बरेच उमेदवार प्राथमिक चाळणीतच बाद होतात. उरलेल्यांसाठीची ल्यूकास-लेहमर कसोटी कागदावरही करता येते: ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ साठी, ४ पासून सुरुवात करून वर्ग करावा, २ वजा करावेत, ३१ ने भागून बाकी घ्यावी, १४, मग ८, मग शून्य, म्हणजे ३१ मूळ. घातांक तेरा कोटींच्या घरात गेला की हीच पायरी जवळपास घातांकाइतक्या वेळा, कोट्यवधी अंकी संख्यांवर करावी लागते आणि एक चूक सगळी मेहनत वाया घालवते. म्हणूनच आता नेहमीच्या कामासाठी फर्माच्या प्रमेयावर आधारलेली चाचणी वापरतात. तिच्यात रॉबर्ट गेर्बिच यांची चूक पकडणारी पडताळणी आहे, आणि सोबत तयार होणाऱ्या पुराव्यामुळे दुसऱ्या संगणकाला सगळे गणित पुन्हा करावे लागत नाही. माझ्या मते प्रणालीतील सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

संगणकाचा कस पाहण्यासाठीही अनेक जण ही प्रणाली वापरतात, आणि ते योग्यच आहे, कारण इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष २०१६ मध्ये तिच्यामुळेच उजेडात आला. दर्शनी रूप जुनाट आहे, पण त्याने काही अडत नाही. अडते ते विजेपाशी: प्रोसेसरचे सगळे गाभे पूर्ण क्षमतेने चालत असल्याने वीज खूप लागते आणि उष्णता भरपूर होते, त्यामुळे लॅपटॉपवर ही प्रणाली सतत चालवण्याचा सल्ला मी देणार नाही. दहा कोटी अंकी मूळ संख्येसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने दीड लाख डॉलरचे बक्षीस ठेवले आहे खरे, पण त्या आशेने वीजबिल वाढवणे व्यवहाराला धरून नाही. हवेशीर जागेतला डेस्कटॉप आणि अंकगणिताची आवड असेल, तर मात्र ही प्रणाली जरूर बसवावी.